नसलेल्या गावाचे गाणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कंत्राटी कामगारांवर किंवा किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे मी त्याच विषयांवर बोलत आलो आहे आणि न्हावऱ्यातल्या पुष्कळांनी ते ऐकलेही आहे, काहींनी नाइलाजाने. यंदा मी म्हटले, मला संगीतावर बोलायचे आहे, आणि तेही व्हिडिओ गेममधल्या संगीतावर. ह्याला म्हातारपणी हे काय सुचले, अशा नजरेने चालक माझ्याकडे पाहू लागले. मी छप्पन वर्षांचा आहे. म्हातारपण अजून यावयाचे आहे. संगीताचे शास्त्र मात्र मला येत नाही. नववीत शाळा सुटली ती सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारावर. पेटीवर सा कुठला आणि रे कुठला, हेदेखील मी तुम्हाला दाखवू शकणार नाही. परंतु कोणते गाणे लागले की पाळी सुटलेली माणसे घरी जायची थांबतात, एवढे मला कळते. त्या कळण्याच्या जोरावर आज बोलणार आहे.

झाले असे. आमच्या संघटनेच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा पुण्याला असतो. कॉम्प्युटरवर संगीत जुळविणे हे त्याचे काम. तो आणि त्याचे तीनचार मित्र मिळून एक गेम तयार करीत आहेत. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना गेम म्हणजे काय हे सांगावयास नको. नातवंडांच्या हातातून मोबाईल काढून घेताना ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ह्या पोरांच्या गेममध्ये एक देश आहे. तो कोणत्याही नकाशावर नाही. एक रुंद नदी, दोन्ही काठांना काळा खडक, झाड औषधाला नाही, मेंढरे पुष्कळ, काठाला एक गाव आणि पलीकडे राक्षसांचे राज्य. त्या गावासाठी त्याला ‘गावरान’ संगीत हवे होते. म्हणून तो माझ्याकडे आला. जुन्या गाण्यांच्या कॅसेटी माझ्या घरी आहेत हे त्याला बापाकडून ठाऊक.

“काका, आधी हे ऐका,” असे म्हणून त्याने हेडफोन माझ्या कानाला लावले. ढोलकी होती, तुणतुणे होते, मध्येच ‘जी जी रं’ होते आणि वरून बासरी. वाईट नव्हते. एखाद्याच्या लग्नाच्या व्हिडिओला खुशाल चालले असते. मी विचारले, “हे गातंय कोण?”

“गावातले लोक.”

“काय करताना?”

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, “काका, ते नुसतं मागं वाजतंय.”

आजचे माझे सगळे व्याख्यान ह्या एका उत्तरावर आहे. आपल्याकडे गाणे नुसते मागे वाजत नव्हते. ते कामाच्या पुढे चाले, काम ओढून नेई. आमचे वडील मोटेवरची गाणी म्हणत. मी मोट चालताना पाहिलेली नाही, ती गाणी त्यांनी मला बांधावर बसून म्हणून दाखविली, आणि दर वेळी म्हणत, “हे असं न्हाई, बैल खाली उतरतानाच ह्ये बरोबर म्हणता येतं.” बैल धावेवरून खाली उतरत असताना गळा मोकळा असतो, मोट थारोळ्यात रिती होताना गाणारा थांबतो, बैल मागे सरतात तेव्हा तो त्यांच्याशी बोलतो. गाण्याची लांबी किती? विहीर जितकी खोल तितकी. विजेचा पंप आला आणि ते गाणे गेले. पंपाला गाण्याची गरज नाही. मला त्याचा शोक नाही. वडिलांच्या खांद्यांना पंपाने सुख दिले. पण गाणे कशाने जन्मते आणि कशाने मरते हे त्यातून दिसते.

जात्याचेही तसेच. माझ्या लहानपणी गावात पिठाची गिरणी आली होती, परंतु तिथे दळणाला पैसे पडत. म्हणून आमच्या घरी पहाटे जाते फिरे. आईच्या ओवीला चारपाच सुरांपलीकडे काही नसे. आज मी विचार करतो, तासभर तीच चाल, तरी कंटाळा कसा येत नसे? कारण चाल जात्याबरोबर फिरे आणि शब्द मात्र पुढे चालत. भावाकडून लेकीकडे, लेकीकडून पंढरीकडे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी पुण्यात राहून, खेडोपाडी हिंडून ह्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७ सालापासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या क्रमाक्रमाने सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. आपल्या शिरूर तालुक्यातल्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. मला त्यातले सर्वांत मोलाचे काय वाटते म्हणाल, तर ओवीखाली बाईचे नाव आहे आणि गाव आहे. ह्या नावाकडे मी पुन्हा येणार आहे.

त्या पोराला मी हे सांगितले तेव्हा तो एकदम सावरून बसला. तो म्हणाला, “काका, तुमचं जातं आणि आमचा गेम एकच आहे.” आणि मग त्याने मला त्याच्या धंद्यातली अडचण समजावून दिली. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती मिनिटांचा आहे हे आधी कळते. गेमच्या संगीतकाराला कळत नाही. खेळणारा नदीकाठी दोन मिनिटे थांबेल किंवा दोन तास. जेवायला उठून जाईल आणि पडद्यावरचे गाव तसेच वाजत राहील. म्हणून चाल अशी हवी की तिचा शेवट सुरुवातीला जुळावा आणि ती कितीही वेळा फिरली तरी कानाला टोचू नये. शिवाय खेळणारा शांत असेल तर संगीत शांत, राक्षस समोर आला तर संगीताने तत्क्षणी उभे राहिले पाहिजे, तेही तुटल्यासारखे न वाटता. १९९१ साली अमेरिकेत लुकासआर्ट्स ह्या कंपनीतल्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल ह्या दोघा संगीतकारांनी ह्यासाठी एक यंत्रणा बसविली. खेळणारा एका जागेहून दुसरीकडे गेला की चाल योग्य ठिकाणी वळण घेऊन दुसऱ्या चालीत मिसळे. पोरगा हे मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी त्याला म्हटले, चौफुल्याच्या कलाकेंद्रात जाऊन ढोलकीवाल्याजवळ बस. नाचणारी बाई पुढची गत कधी घेणार हे तिने त्याला लिहून दिलेले नसते. त्याचे डोळे तिच्या पायांवर असतात. ती थांबली तर तो फिरत राहतो, तिने पाय उचलला की तो चढतो. तमाशाच्या बोर्डावर ही यंत्रणा कित्येक पिढ्या चालू आहे, आणि तिला वीजही लागत नाही.

आता कोणी म्हणेल, अहो, पण जो देश मुळात नाहीच त्याचे लोकगीत कसे असेल? लोक नाहीत तर लोकगीत कोणाचे? प्रश्न रास्त आहे. मला तो आमच्या शाहिरांकडे घेऊन जातो. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडा जुना, छक्कड जुनी, तमाशातला गणही जुना. पण गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. पुढे हे शाहीर संयुक्त महाराष्ट्राची गाणी गात गावोगाव फिरले. तो महाराष्ट्र तेव्हा कोणत्या नकाशावर होता? १ मे १९६० पर्यंत तो फक्त गाण्यात आणि सभेत होता. नसलेल्या देशाचे गाणे आपल्या आधीच्या पिढीने ऐकले आहे आणि ते तिला खोटे वाटले नाही. का वाटले नाही? कारण त्यातली माणसे खरी होती. गिरणीत राबणारा, बायको गावी ठेवून आलेला माणूस त्यात होता.

सिनेमातले उदाहरण हवे असेल तर १९७७ चा ‘जैत रे जैत’ घ्या. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. ठाकरांच्या जगातले ते चित्र; त्यातली गाणी नव्याने रचलेली. पण ती परंपरेचीच आहेत असे मानणारी माणसे मला भेटली आहेत. त्या चालींत डोंगर चढताना लागणारा दम आहे, म्हणून तसे वाटते असे मला वाटते. जाणकारांनी मला सुधारावे.

परदेशात ह्या बाबतीत पोलंडच्या मंडळींनी चांगले काम केले आहे. ‘द विचर’ नावाच्या गेमचा तिसरा भाग २०१५ साली आला. कथा सापकोव्स्की ह्या पोलिश लेखकाच्या कल्पित देशातली. मार्चिन प्शिबिवोविच हे त्याचे संगीतकार. पण त्यांनी पर्सिव्हल नावाच्या, जुनी लोकवाद्ये वाजविणाऱ्या एका जित्याजागत्या मंडळीला सोबत घेतले. गळे खरे, तारा खऱ्या. त्यात एक गंमतही आहे. युद्धाच्या वेळी वाजणारी त्यातली एक प्रसिद्ध चाल मुळात बल्गेरियातल्या एका वसंतातल्या सणाच्या गाण्यावरून आलेली आहे. त्या सणाला तिथल्या मुली दारोदार जाऊन गातात. म्हणजे आपल्या भोंडल्याच्या गाण्यावर कोणी तलवारी चालवाव्यात, तसे झाले. मला आधी हसू आले. मग पुन्हा ऐकले आणि अंगावर काटा आला. गळा खरा असला की तो कुठेही उभा राहतो. पण ज्या मुलींच्या सणाचे ते गाणे, त्यांना त्यात आपला सण ओळखू येईल का, ही रुखरुख राहतेच.

आणि आपल्या पुण्यात? नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्याच्या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ नावाचा गेम बाहेर आणला. धाकट्या भावाला असुराच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा आहे. तिच्यामागे दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षी जगातल्या मोठ्या पारितोषिकांत पहिल्याच कृतीसाठीच्या विभागात त्याचे नामांकन झाले होते. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस ह्या ग्रीक संगीतकाराचे. मी ते लक्षपूर्वक ऐकले. गृहस्थाने आपली वाद्ये आदराने हाताळली आहेत. ग्रीसच्या माणसाने आपले संगीत करू नये असे म्हणणारा मी नव्हे. जगातले कामगार एक व्हा म्हणणाऱ्याने संगीतकारांना सीमेवर अडवावे हे बरे दिसणार नाही. परंतु पुण्याहून एका बाजूला नारायणगाव आहे, जिथे पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. दुसऱ्या बाजूला जेजुरी आहे, तिथे वाघ्यामुरळीची दिमडी वाजते. ह्या माणसांकडे आपल्या पोरांनी जावे आणि त्या माणसांना त्यातून काही मिळावे, असे मनात येते. त्यात मला संकुचितपणा दिसत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप झाला. दिवस वाढत गेले तशी गेटवर गाणी हवीत असे ठरले. आमच्या एका कामगाराची आई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणे. तिच्या घरी बसून मी ती चाल उचलली, त्यावर माझे शब्द बसविले आणि आम्ही गाण्यांची पुस्तिका छापली. शब्दांखाली माझे नाव, आणि वर ‘चाल : पारंपरिक’. बाई रोज गेटवर भाकरी घेऊन येत असे. तिच्या नातवाने तिला पुस्तिका वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी तिने मला सगळ्यांसमोर विचारले, “बाबा, ह्यो पारंपरिक म्हंजी कोण रं?”

मला उत्तर आले नाही. हजेरीपत्रकावर नाव नाही म्हणून कामगाराला पगार नाही, ह्या अन्यायावर मी गावोगाव भाषणे करीत होतो आणि माझ्याच हाताने मी एका जिवंत बाईचे नाव पत्रकावरून उडविले होते. दुसऱ्या छपाईच्या वेळी मी तिच्याकडे गेलो. म्हटले, तुमचे नाव घालतो. तर ती म्हणाली, “माझं कशाला? मला सासूनं शिकवलं, तिचं घाल.” सासूला कोणी शिकविले, ह्यावर, “ते तिलाच ठावं.” शेवटी आम्ही दोघींची नावे घातली.

माझी चूक पुस्तिकेपुरती होती. तीच चूक जगाच्या बाजारात केवढी होते पाहा. सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईने म्हटलेले अंगाईगीत ह्यूगो झेंप ह्या संशोधकाने १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केले. १९९२ साली फ्रान्सच्या ‘डीप फॉरेस्ट’ ह्या जोडीने ते आपल्या गाण्यात वापरले. गाणे जगभर गाजले, जाहिरातींतही वाजले. झेंपने पुढे लेखणी उचलून ह्याला हरकत घेतली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. आपल्याकडे जुन्या चालीवर कोणाची मालकी नसते हे खरे. पण ती चाल ज्याने गायिली वा वाजविली त्याला मात्र कायद्याने हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क नीट आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या नावाने ओळखले जाण्याचा व व्यापारी वापर झाल्यास मानधनातल्या वाट्याचाही. हे न्हावऱ्यातल्या भजनी मंडळांनीही लिहून ठेवावे. मोबाईलवर तुमचा आवाज कोण उचलून नेतो आहे हे सांगता येत नाही.

असो. पोराच्या गाण्याचे काय झाले ते सांगतो. आम्ही त्याचा नकाशा जमिनीवर पसरला. झाड नाही, तर ढोलकीचे खोड कुठून येणार? ढोलकी गेली. बासरीही गेली. मेंढरे आहेत म्हणजे कातडे आहे, आतडे आहे. तर लहान कडीवर ताणलेले चामड्याचे वाद्य आणि एक तार. पूल नाही, तर सगळे गाव कशावर जगते? दोरीने नाव ओढण्यावर. मग गाणे ओढीचे. एकाची लांब हाक, त्या वेळी बाकीचे दोरीवर हात सरकवतात. मग सगळ्यांचे आखूड उत्तर, त्या वेळी ओढ. ऊस ट्रकवर चढविताना तोडणीवाल्यांच्या तोंडून निघणारा आवाज तुम्ही ऐकला आहे; मोळी डोक्यावरून वर जाताना तो जसा आखडतो, तसा. खेळणारा काठापासून दूर गेला की उत्तर गळून पडते आणि हाक तेवढी ऐकू येते. राक्षस आला की हाकही नाही, नुसते चामडे. हे शेवटचे त्याला सुचले, मला नव्हे. त्याच्या पहिल्या चालीला जेवढे सूर होते त्याच्या निम्मेही ह्या चालीत राहिले नाहीत.

चामड्यासाठी आम्ही शेजारच्या गावचे एक हलगीवाले धरले. साठी उलटलेले गृहस्थ. हलगी कोणाच्या हाती दिली गेली होती, लग्नाला, मयताला, दवंडीला कोणी ती वाजवायची आणि वाजवून कुठल्या आळीत परत जायचे, हे ह्या सभेत सांगायची गरज नाही. पुण्याच्या त्या बंद खोलीत गार हवेचे यंत्र चालू होते. हलगी दोन मिनिटांत उतरली. तापवायला जाळ हवा आणि खोलीत काडी ओढायची बंदी. तेव्हा आम्ही गाड्या लावायच्या जागी खाली गेलो, कागद पेटविले, हलगी शेकली आणि जिना चढून धावत वर. असे सहा वेळा. नंतर पोरगा डोक्याला हात लावून बसला, कारण चालीचा शेवट सुरुवातीला जुळेना. सुरुवात गरम हलगीची, शेवट थंड हलगीचा. यंत्राने सूर वर ओढून पाहिला, तर हलगी पत्र्यासारखी वाजू लागली. शेवटी म्हाताऱ्यांनीच तोड काढली. ते म्हणाले, “आरं, मधली चार मिनटं घे. तवा ती ना ताजी असती ना शिळी.” तेवढेच घेतले.

मग पैशाची गोष्ट निघाली. पोराच्या मित्रांनी वाजविण्याची चार मिनिटे धरून आकडा सांगितला. मी खिशातून कागद काढला आणि हजेरी मांडली : सकाळी सहाला घरून निघाले, एसटी, पुण्यात दोन तास वाट पाहणे, सहा वेळा जिना, परतीचा प्रवास, आणि एका वरातीची बुडालेली सुपारी. पोरांनी कुरकुर न करता आकडा बदलला, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. श्रेयनामावलीसाठी नाव विचारले तेव्हा म्हाताऱ्यांनी आपले नाव सांगितले आणि त्याच्या आधी बापाचे घालायला सांगितले. कॉम्प्युटरवरच्या त्या तक्त्यात एका वाद्यापुढे एकाच नावाची जागा होती. पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “तक्ता तुम्हीच केलाय ना? मग एक ओळ वाढवा.”